लॉकरमधली वही

कोल्हापूरच्या माणसानं लिहिलेली एक रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. लिहिणारे छत्रपती राजाराम महाराज. वय अवघं वीस. १८७० साली ते आगबोटीनं युरोपला गेले, विलायतेत राणीला भेटले, जे पाहिलं ते इंग्रजीत टिपत राहिले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारले. अर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला. तिथं त्यांचं स्मारक आजही उभं आहे, आणि पुढं जवळच बांधलेल्या पुलाला तिथले लोक चक्क ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. मागं राहिलेल्या वहीचं संपादन कॅप्टन एडवर्ड वेस्ट या गोऱ्या अधिकाऱ्यानं केलं आणि दोन वर्षांत पुस्तक बाजारात आलं.

राजाची वही लपवावी लागत नाही. त्या काळच्या आगबोटींच्या पोटात भट्टीपुढं फावडं मारणारे आगवाले होते, डेकवर दोर ओढणारे खलाशी होते, त्यांच्यावर तांडेल, तांडेलावर सारंग, आणि या सगळ्यांचं रांधणारा भंडारी. त्यांच्यापैकी कुणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते कुणी छापलं नाही. गगनबावड्याचा घाट उतरला की ज्या गावांतून हे लोक बोटीवर जात, ती गावं आपल्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत. आरमार म्हटलं की आपण कान्होजी आंग्र्यांपाशी जातो आणि तिथंच थांबतो. गलबतावरच्या खलाशाला दुपारी काय खायला मिळत होतं, हे आपल्या इतिहासात शोधून सापडत नाही.

मला हा प्रश्न पडला तो आपल्याच जिल्ह्यामुळं. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. घराघरातून माणूस फौजेत, म्हणून गावाच्या नावातच सैनिक आला. अशा घरांतल्या ट्रंकांत काय असतं ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पदकं, पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, एखादा पलटणीतला फोटो. रोजनिशी मात्र जवळजवळ कधीच नसते. लिहिता येत नव्हतं, हे एक कारण झालं. पण लिहिता येत होतं तेव्हाही लिहिलं गेलं नाही, त्याचं कारण दुसरं आहे. ते समजून घ्यायला दोन परक्या खलाशांच्या वह्या उघडाव्या लागतात.

पहिली वही जेम्स फेही या अमेरिकन पोराची. १९४२ च्या ऑक्टोबरात तो नौदलात भरती झाला आणि ‘माँटपेलियर’ या क्रूझरवर पॅसिफिक महासागरात गेला. युद्धकाळात जहाजावर रोजनिशी ठेवायला मनाई होती. जहाज शत्रूच्या हाती पडलं तर वहीतून ठिकाणं, तारखा, तोफांचा मारा सगळं उघड होईल, हा सरकारी तर्क, आणि तो चुकीचाही नव्हता. फेही सुट्या कागदांवर लिहायचा आणि कागद लपवून ठेवायचा. सॉलोमन बेटांपासून जपानी आत्मघातकी विमानांपर्यंत सगळं त्या कागदांत उतरलं. युद्ध संपलं. तो मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात परतला आणि नगरपालिकेचा कचऱ्याचा ट्रक चालवू लागला. कागदांचं पुस्तक झालं १९६३ साली. खूप खपलं. आणि मानधनाचं त्यानं काय केलं? दक्षिण भारतात एक चर्च बांधायला देऊन टाकलं. युद्धाचं एवढं वर्णन वाचल्यावर मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते हेच.

पण फेहीच्या कागदांनी सरकारचं काही बिघडलं नाही. जिंकलेल्या आरमाराच्या खलाशाची ती वही. हरलेल्या आरमाराची वही वेगळी निघाली, आणि ती खऱ्याखुऱ्या बॅटलशिपवरची आहे.

रिचर्ड स्टुम्फ. जन्म १८९२, बव्हेरियातल्या ग्रेफेनबर्गचा. धंद्यानं पत्र्याचं काम करणारा कारागीर. आपल्याकडं पापाच्या तिकटीला डबे-पिंपं ठोकणारी माणसं दिसतात, त्या जातकुळीचा. धर्मानं कट्टर कॅथलिक, ख्रिस्ती कामगार संघटनेचा सभासद, समाजवाद्यांपासून चार हात लांब. १९१२ साली नौदलात गेला आणि ‘हेल्गोलँड’वर रुजू झाला. बावीस हजार टनांहून जड, बारा इंची बारा तोफा, हजाराच्या वर माणसं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा या माणसाला आनंद झाला होता. कैसरवर श्रद्धा, इंग्रजांवर राग, आणि आता एकदाची मोठी लढाई होणार ही आशा.

लढाई होईना. जर्मन आरमार विल्हेल्म्सहाफेनच्या बंदरात आणि त्याबाहेरच्या नांगरवाड्यावर पडून राहिलं. इंग्रजांची जहाजं संख्येनं जास्त, त्यामुळं कैसरला आपली महागडी जहाजं पणाला लावायची नव्हती. मग हजार माणसं एका लोखंडी पेटीत बसून करणार काय? डेक घासायचा. घासलेला पुन्हा घासायचा. गणवेशाची तपासणी, बटणांची तपासणी, कवायत. कोळसा भरायचा. जहाज कोळशावर चालायचं, आणि भरणी निघाली की सगळ्या जहाजावर काळी धूळ. आठवडे गेले, महिने गेले. स्टुम्फची वही भरत गेली ती या रिकामपणानं.

मे १९१६ च्या अखेरीस जटलंडची लढाई झाली. वहीत तीही आहे. हेल्गोलँडला एक पंधरा इंची गोळा लागला. इंग्रजांची चौदा जहाजं बुडाली, जर्मनांची अकरा. इंग्रजांची सहा हजारांवर माणसं मेली, जर्मनांची अडीच हजारांवर. जर्मनीत विजयोत्सव झाला. पण दुसऱ्या दिवशी जहाजं पुन्हा त्याच बंदरात, आणि पुन्हा तोच डेक.

यानंतरची पानं वाचताना लक्षात येतं की लिहिणारा बदलला आहे. तोफांचं वर्णन कमी होत गेलं, ताटाचं वाढत गेलं. १९१६-१७ च्या हिवाळ्याला जर्मनीत आजही सलगमांचा हिवाळा म्हणतात. बटाट्याचं पीक गेलं, इंग्रजांच्या नाकेबंदीनं बाहेरून काही येईना, आणि माणसं गुरांच्या खाण्याचे सलगम खाऊ लागली. सैनिकांना वाळवलेल्या भाज्यांचा एक प्रकार मिळायचा, त्याला त्यांनी ‘तारेचं कुंपण’ असं नाव ठेवलं होतं. खलाशाला हे खायला लागलं तरी तो कुरकुरून गप्प बसला असता. पण त्याच जहाजावर, त्याच लोखंडी पेटीत, काही पावलांवर अधिकाऱ्यांचं वेगळं स्वयंपाकघर होतं, वाइन होती, मेजवान्या होत्या. खंदकात निदान अधिकारी आणि शिपाई एका चिखलात बसतात. जहाजावर वास सगळ्यांना येतो आणि ताट मात्र वेगळं. स्टुम्फला भुकेपेक्षा हे जास्त लागलं. अधिकाऱ्यांची हेटाळणीची भाषा लागली. आपण माणूस नसून जहाजाचा सुटा भाग आहोत असं वागवलं जाणं लागलं. युद्धभर इमाने इतबारे राबूनही हा वाचणारा, विचार करणारा माणूस साधा खलाशीच राहिला.

ऑगस्ट १९१७ मध्ये ‘प्रिंत्सरेगेंट लुइटपोल्ड’ या दुसऱ्या बॅटलशिपवर भडका उडाला. निमित्त काय, तर आगवाल्यांना कबूल केलेला सिनेमा रद्द करून त्या जागी कवायत लावली. कोल्हापूरच्या माणसाला यातला अपमान वेगळा समजावून सांगायची गरज नाही. काही आगवाले जहाज सोडून गावात फिरायला निघून गेले, त्यांतल्या काहींना शिक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी शेकडो जण त्याच वाटेनं चालू लागले. ५ सप्टेंबरला दोघांना गोळ्या घातल्या. माक्स राइशपीच आणि आल्बीन क्योबिस.

१९१८ च्या ऑक्टोबर अखेरीस युद्ध हरल्याचं सगळ्यांना दिसत होतं, तहाची बोलणी सुरू होती, आणि नौदलाच्या वरिष्ठांनी ठरवलं की आता आरमारानं बाहेर पडून इंग्रजांशी शेवटची लढाई द्यायची. आरमाराची अब्रू राखायला काही हजार माणसं बुडाली तरी चालतील, असा तो हिशोब. ‘थ्युरिंगेन’ आणि ‘हेल्गोलँड’ या दोन जहाजांवर आगवाल्यांनी भट्ट्या विझवल्या. वाफ नाही तर जहाज नाही. बंडखोरांना आवरायला आणलेल्या टॉर्पेडो बोटींवर हेल्गोलँडच्या तोफा वळल्या. आपल्याच आरमाराच्या तोफा आपल्याच आरमारावर. गोळी सुटली नाही, शरणागती झाली. पण आग कील बंदरात पोचली, आणि ९ नोव्हेंबरला कैसर गादीवरून गेला. हे सगळं एका फावड्यापासून सुरू झालं.

खरी गोष्ट इथून पुढं. हरलेल्या सेनापतींनी जर्मनीत एक कहाणी पसरवली की फौज हरली नव्हती, घरच्या समाजवाद्यांनी पाठीत खंजीर खुपसला. (हा वाक्प्रचार महाराष्ट्राच्या राजकारणात इतका चालतो की तो मूळचा आपलाच वाटावा.) संसदेनं चौकशी समिती नेमली. नौदलाचे अधिकारी म्हणाले, खलाशांना चिथावलं गेलं. तेव्हा हा पत्र्याचं काम करणारा माणूस वही घेऊन समितीपुढं आला. समाजवादी नाही. देशभक्त. कॅथलिक. आणि वहीत ताटागणिक, शिवीगणिक, तारखेसह नोंद, की कुणी चिथावलं नव्हतं. आरमार आतूनच कुजत होतं आणि कुजवणारे वरच्या डेकवर होते. १९२७ मध्ये ती रोजनिशी पुस्तकरूपानं आली. नावच होतं, आरमार का मोडलं. हेल्गोलँड तोवर इंग्रजांच्या ताब्यात जाऊन भंगारात निघालं होतं. स्टुम्फ १९५८ साली वारला.

म्हणजे रोजनिशीची भीती कशाची होती? जहाजाचं ठिकाण वर्षभरात शिळं होतं, तोफेचा पल्ला शत्रूला कळलेलाच असतो. शिळं होत नाही ते खालच्या डेकवरचं ताट. जिथं लिहायला उघड बंदी होती तिथंही आणि नव्हती तिथंही, अधिकाऱ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात धोकादायक मजकूर हाच ठरला असता, आणि तो लिहिताना लिहिणाऱ्यालाही कळत नव्हतं की आपण पुरावा तयार करतोय.

आता आपल्या समुद्राकडं येऊ. पहिलं महायुद्ध कोकणच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं, हे आपण विसरलो. जून १९१७ मध्ये पी अँड ओ कंपनीचं ‘मंगोलिया’ हे जहाज मुंबईच्या जवळ सुरुंगावर आदळून बुडालं. सुरुंग पेरले होते ‘वोल्फ’ नावाच्या जर्मन जहाजानं, व्यापारी जहाजाचं सोंग घेऊन. अशा जहाजांवर काम करणारे कोण होते, ते वर सांगितलंच. दुसऱ्या महायुद्धात तर रॉयल इंडियन नेव्हीच फुगली. सुरुवातीला जेमतेम दोन हजारांची असलेली ही फौज युद्धाअखेर तीस हजारांच्या घरात गेली. युद्धाआधीच्या नौदलात रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. युद्धात देशभरातून शिकलेली पोरं आली: तारायंत्र जाणणारी, इंग्रजी वाचणारी, वर्तमानपत्र वाचणारी.

११ नोव्हेंबर १९४२ ला ‘बेंगाल’ या छोट्या भारतीय जहाजानं हिंदी महासागरात दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशी झुंज दिली. एका डच तेलवाहू जहाजाचं रक्षण करायचं होतं. बेंगालवर मोठी म्हणावी अशी एकच तोफ. तरी जपान्यांचं एक जहाज बुडालं, आणि बेंगाल परत आलं. बहुतेक खलाशी भारतीय. कप्तानाचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण अहवाल कप्तान लिहितो. तोफेवर उभं राहिलेल्या खलाशाला त्या दिवशी काय वाटलं, हे लिहिणारा स्टुम्फ त्या जहाजावर असेलही. पण त्याची वही आपल्या हाती आलेली नाही.

त्यातल्या त्यात जवळची गोष्ट म्हणजे बलाई चंद दत्तची. हा बंगाली तरुण १९४१ मध्ये नौदलात आला, तारवाला झाला, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरचं युद्ध पाहिलं, आणि युद्ध संपल्यावर मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’वर आला. तलवार हे जहाज नव्हतं. ती किनाऱ्यावरची सिग्नल शाळा होती, पण नौदलाच्या रिवाजानं तिलाही जहाज म्हणायचं. तिथं दीड हजारांच्या आसपास पोरं, बहुतेक तारखात्यातली. शिकलेली, आणि आता घरी कधी पाठवणार याचा पत्ता नसलेली. जेवणात खडे असलेली डाळ. गोऱ्या खलाशांचा पगार वेगळा, जेवण वेगळं, वागणूक वेगळी. स्टुम्फच्या वहीतली पानं जणू मराठी पावसात भिजून इथं येऊन पडलेली.

दत्तनं मात्र वही लपवण्याचा रस्ता सोडला. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी खडू, रंग आणि डिंक घेतला आणि भिंतींवर लिहिलं. १ डिसेंबर १९४५ हा नौदल दिन, त्या दिवशी शहरातल्या लोकांना तलवार बघायला येऊ देणार होते. सकाळी उजाडलं तर भिंतीभिंतीवर ‘चले जाव’ आणि बंडाच्या हाका. पाहुण्यांच्या आधी अधिकारीच धावपळ करत होते. पुढं २ फेब्रुवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेक येणार म्हणून पहारा कडक होता, तरी पुन्हा अक्षरं उमटली. पहाटे दत्त पकडला गेला. हाताला डिंक लागलेला. मग लॉकरची झडती, आणि त्यातून निघालेलं ‘राजद्रोही’ वाङ्मय. बंडाच्या सगळ्या हकिगतीत मला हा लॉकरच सारखा दिसतो. खलाशाच्या आयुष्यात खासगी म्हणावी अशी तेवढीच एक जागा, टीचभर लोखंडी कप्पा. कुलूप त्याचं, आणि झडतीचा हक्क मालकाचा. ट्रंकेत पदकं सापडतात आणि वही सापडत नाही, त्याचं कारण हे आहे. जो लॉकर कधीही उघडला जाणार, त्यात मनातलं कोण ठेवील?

८ फेब्रुवारीला तलवारचे प्रमुख कमांडर किंग यांनी खलाशांना घाणेरड्या शिव्या घातल्या. पोरांनी रीतसर तक्रार केली. रीतसर तक्रारीचं रीतसर जे व्हायचं ते झालं. १७ ला खलाशांनी जेवण नाकारलं, १८ ला सकाळी ‘अन्न नाही तर काम नाही’ ही हाक उठली. मुंबईपासून कराचीपर्यंत अठ्ठ्याहत्तर जहाजं, वीस किनारी तळ आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट, तिन्ही झेंडे एकदम. २१ ला मुंबईतल्या कॅसल बॅरक्समध्ये गोळीबार. व्हाइस ॲडमिरल गॉडफ्री यांनी रेडिओवरून धमकी दिली की नौदल नष्ट झालं तरी बेहत्तर. हे गॉडफ्री म्हणजे युद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख, इयान फ्लेमिंगचे तेव्हाचे साहेब. जेम्स बाँडच्या गोष्टीतला ‘एम’ त्यांच्यावरून बेतला असं मानतात. जगभरच्या गुपितांचा माग काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या भटारखान्यातली डाळ दिसली नाही.

आणि मुंबईनं काय केलं? गेट वे ऑफ इंडियापाशी लोक जेवणाचे डबे, फळं, पाव घेऊन जमले. जहाजांवरून होड्या आल्या आणि ते अन्न घेऊन गेल्या. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी बघून न बघितल्यासारखं केलं. २२ ला शहर बंद पडलं. गिरणगावात फौजेनं गोळ्या झाडल्या. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती मेली. शहरात दोनशेहून अधिक माणसं गेली. नेत्यांची भूमिका, वाटाघाटी यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे, इथं त्यात शिरत नाही. सरदार पटेलांच्या सल्ल्यानं २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. चारशेहून अधिक जणांना नौदलातून काढलं, आणि स्वातंत्र्य आल्यावरही ना भारताच्या नौदलानं त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या.

मग इथंही चौकशी आयोग बसला. अध्यक्ष सर फझल अली, पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. आयोगापुढं साक्षी झाल्या आणि कारणं लिहिली गेली: जेवण, पगार, वर्णभेदाची वागणूक, सेवामुक्तीची अनिश्चितता. जर्मनीत समितीपुढं खलाशाची वही होती. इथं खलाशाची साक्ष सरकारी लेखनिकानं, सरकारी भाषेत उतरवली. डाळीतल्या खड्याचं ‘आहारविषयक असमाधान’ झालं की त्यातला दातांखालचा आवाज जातो. दत्त पुढं मुंबईत पत्रकार झाला, मग जाहिरातीच्या धंद्यात गेला, आणि त्याचं आठवणींचं पुस्तक आलं १९७१ साली. पंचवीस वर्षांनंतर. आठवण आणि रोजनिशी यांत फरक हा की आठवणीत शेवट आधीच ठाऊक असतो.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होमची इमारत आहे. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या खलाशांची दोन स्मारकं तिथं आहेत: पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक माणसांचं, आणि दुसऱ्या युद्धातल्या सहा हजारांहून अधिक माणसांचं. आपल्या भागातून रोज रात्री सुटणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी तिथं पोचता येतं, आणि तरी माझ्या ओळखीत तिथं जाऊन आलेला माणूस सापडणं अवघड. नोंदीत प्रत्येकाला एक ओळ. नाव. हुद्दा: आगवाला, भंडारी, तांडेल, खलाशी. जहाज. तारीख.

त्या तारखेच्या आदल्या दिवशी काय रांधलं होतं, ते भंडाऱ्याला ठाऊक होतं.